बाइंडिंगला गेलेली दोनशे चौदा पुस्तकं

शाळेतली मुलं माझ्यामागे मला 'गप्पबाई' म्हणतात. मला ठाऊक आहे, आणि माझी काही हरकत नाही. सव्वीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळायचं तर कुणीतरी कुणालातरी गप्प करायला हवंच. गेल्या वर्षी मात्र महिनाभर गप्प बसायची पाळी माझ्यावर आली आणि मला जेवण जाईना.

त्याचं झालं असं, की आमच्या भागातल्या अकरा शाळांनी मिळून ग्रंथालयांचा एक संघ काढला. अकरा शाळांची पुस्तकं कॉम्प्युटरवर एकाच यादीत. कुठल्याही शाळेतल्या मुलाने कुठलंही पुस्तक मागावं, संघाची गाडी मंगळवारी क्रेटमधून ते पोचवणार. मोठा स्कॅनर सगळ्यांत मिळून एक, प्रोजेक्टर एक, इतकंच काय, फाटक्या पुस्तकांसाठी बाइंडरसुद्धा एकच. गाडी ज्या क्रमाने फिरते त्या क्रमाने शाळांना नंबर दिले होते. आमचा तीन.

कल्पना चांगली होती, ते मी तेव्हाही कबूल केलं. पण प्रशिक्षणाला गेले तर शिकवणारा मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "आजी, माउस असा धरा." आजी! माझं वय छप्पन्न. दुसऱ्या दिवशी मी गेलेच नाही. त्या दुसऱ्या दिवशी जे शिकवलं ते चुकवणं मला पुढे चांगलंच महागात पडलं.

यादी भरायचा नियम साधा होता. पुस्तक हातात घ्या, बघा आणि मगच नोंद करा. मी काय केलं, पुस्तकांचं दाखल रजिस्टर पुढ्यात घेतलं आणि एक नंबरपासून भरत सुटले. कपाटाकडे मान वळवून पाहिलं नाही. आळस म्हणा हवं तर, पण तो आळस नव्हता. तिसऱ्या कपाटाची मला भीती वाटत होती.

सहा वर्षांपूर्वी सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शिपाई मला सांगून गेला होता, "बाई, तिसऱ्या कपाटावर छताला ओल आलीय. वर लॅबचा पाइप आहे. कपाट जरा सरकवून घेऊ या." मी रजेच्या अर्जात गढले होते. म्हटलं, सुट्टीनंतर बघू. शाळा उघडायच्या दोन दिवस आधी झाडलोट करून घ्यायला आले, तर कपाटाचं दार उघडेना. आतली पुस्तकं पाणी पिऊन फुगली होती. पानाला पान चिकटलेलं, वर काळी बुरशी, आणि वास असा की मी जिन्यात जाऊन बसले. मोजली, दोनशे चौदा भरली. ह्यांना फोन केला. हे आले. स्कूटरवरून पाच फेऱ्यांत आम्ही सगळा चिखल बाहेर काढला.

सोमवारी मुख्याध्यापकांना सांगणार होते. सोमवारी ते चिडलेले होते. मंगळवारी तपासणी आली. बुधवारी म्हटलं, आता तीन दिवस का नाही सांगितलं म्हणून विचारतील. असं करता करता ते सर निवृत्त झाले. इतर कपाटांतली पुस्तकं ऐसपैस मांडून मी तिसरं कपाट भरून टाकलं. रजिस्टरमध्ये मात्र ती दोनशे चौदा पुस्तकं ठणठणीत होती, आणि आता ती अकरा शाळांच्या यादीत जाऊन बसली.

पहिल्याच आठवड्यात त्यातल्या दोन पुस्तकांना मागणी आली. मी घाबरले आणि आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना आसरा घेतला. जगातल्या कुठल्याही ग्रंथालयात जे पुस्तक सापडत नाही ते बाइंडिंगला गेलेलं असतं. संघाच्या कॉम्प्युटरवर तर त्यासाठी चक्क बटण होतं. ज्याने ते ठेवलं त्याला आमची नस बरोबर सापडली होती. पुढची कटकट नको म्हणून मी दोनशे चौदाच्या दोनशे चौदा एका दमात बाइंडिंगला पाठवली.

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, बाइंडिंग म्हणजे पुस्तकांचा दवाखाना. तिथे कुणी कायमचं राहत नाही."

"थट्टा नका करू," मी म्हटलं.

"थट्टा नाही. उद्या कुणी भेटायला गेलं म्हणजे?"

तसंच झालं. नऊ नंबरच्या शाळेतल्या सहावीतल्या एका मुलीने रेडिओ जुळवायचं एक पुस्तक मागितलं होतं. मागणीखाली शेरा लिहायची जागा असते. तिथे तिने लिहिलं, "आजोबा आणि मी रेडिओ करतोय. पान एक्केचाळीसवरची आकृती हवी आहे. हे पुस्तक आता दुकानात मिळत नाही." आठवड्याने लिहिलं, "बाइंडिंग झालं का?" त्यानंतर, "बाइंडिंगवाले काका आजारी आहेत का?" आणि त्याच्याही नंतर, "आजोबा वीस तारखेला काकाकडे परत जाणार आहेत. पुस्तक तसंच फाटकं दिलं तरी चालेल. मी जपून वापरीन."

हे शेवटचं वाक्य मी वाचलं आणि कॉम्प्युटर बंद केला. मला स्वतःची लाज वाटली. तरी त्या दिवशीही मी कुणाला काही सांगितलं नाही, हेही लिहून ठेवते.

मग संघाच्या ऑफिसातून पत्र आलं. तीन नंबरच्या शाळेची दोनशे चौदा पुस्तकं बाइंडिंगसाठी थांबलेली दिसतात, सबब मंगळवार, सोळा तारखेला संघाचे बाइंडर गाडीबरोबर येऊन ती ताब्यात घेतील. प्रत मुख्याध्यापिकांना.

मंगळवारी सकाळी साडेनऊला गाडी आली. बाइंडर म्हणजे साठीचे गृहस्थ, नखांत खळ वाळलेली, सगळे त्यांना मामा म्हणतात. बरोबर सहा रिकामी क्रेट आणली होती. ती त्यांनी ओळीत मांडली आणि म्हणाले, "चला बाई, काढा पेशंट."

मी त्यांना खुर्ची दिली. पाणी दिलं. पंख्याचा वेग वाढवला. त्यांनी सगळं घेतलं आणि माझ्याकडे पाहत राहिले.

"नाहीत ना?" ते हळूच म्हणाले.

मी मान हलवली. नाहीत.

"एक नंबरच्या शाळेत नव्वद नाहीत. दोन नंबरमध्ये दीडशे. इतकी पुस्तकं खरंच बाइंडिंगला आली असती तर माझा दुमजली बंगला झाला असता." त्यांनी खिशातून एक छापील कागद काढला. "हे बघा, मी लिहून देतो. पुस्तकं मिळाली, दुरुस्तीपलीकडची आहेत. कमिटी महिन्याभरात यादीतून काढून टाकेल. कुणी काही विचारत नाही. त्या दोन्ही शाळांतल्या बाईंनाही असंच दिलंय."

सहा वर्षांचं ओझं एका सहीवर उतरत होतं. मी पेन उघडलंसुद्धा. मग उगाच विचारलं, "त्यात एक रेडिओचं पुस्तक आहे. एक मुलगी कधीची मागतेय. दुसरीकडे कुठे असेल का हो?"

"तांबड्या पाठीचं? चार नंबरला आहे की. मीच शिवलं गेल्या वर्षी."

"मग तिला ते का नाही मिळत?"

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी प्रशिक्षणाला एकच दिवस गेले होते हे त्यांना कळलंच. "बाई, मागणी आधी पहिल्या नंबरच्या शाळेला जाते. ती शाळा 'नाही' म्हणाली तरच पुढच्या नंबराला. तुमच्याकडे ते बाइंडिंगला आहे ना, म्हणजे आहे. ती मागणी तुमच्याच दारात बसलीय."

म्हणजे पुस्तक गाडीच्या पुढच्याच थांब्यावर होतं, आणि महिनाभर वाट अडवून मी उभी होते.

"मी आत्ता 'नाही' म्हटलं तर?"

"तर कारण लिहावं लागतं. आणि मुख्याध्यापकांचा पासवर्ड लागतो." मामांनी घड्याळ पाहिलं. "गाडी वीस मिनिटांनी चार नंबरच्या शाळेला निघते. दुपारी नऊ नंबरला पोचते."

मी पेन बंद केलं आणि मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेले. त्या माझ्याहून बारा वर्षांनी लहान. येऊन दोनच वर्षं झालेली, आणि दोन्ही वर्षांत मी त्यांना सूचनाच देत आले होते. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ओल, शिपाई, स्कूटर, रजिस्टर, बटण. मामांच्या कागदाचं सांगितलं नाही, ते त्यांचं त्यांच्यापाशी.

बाई ओरडल्या, आणि चांगल्या ओरडल्या. छप्पन्नाव्या वर्षी असं वागतात का, मुलांना आपण काय तोंडाने शिकवतो, उद्या सकाळी लेखी खुलासा टेबलावर पाहिजे. सगळं रास्त होतं. मी खाली मान घालून ऐकत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला हलकं हलकं वाटत होतं. सहा वर्षं मी याच ओरड्याला घाबरून होते, आणि तो पाच मिनिटांत संपला.

"अजून काय?" त्यांनी विचारलं.

"पासवर्ड हवाय. गाडी सुटेल."

त्या उठल्या आणि माझ्याबरोबर ग्रंथालयात आल्या. कारणाच्या चौकटीत मी लिहिलं, 'ग्रंथपालाच्या हलगर्जीपणाने भिजून नष्ट.' त्यांनी ते दोनदा वाचलं आणि पासवर्ड टाकला. पडद्यावरून आमचं नाव गेलं, चार नंबरचं आलं, आणि शेजारी लिहून आलं, 'उपलब्ध'. माझा जीव भांड्यात पडला. मामांनी छापील कागद चार घड्या करून खिशात टाकला, रिकामी क्रेट उचलली आणि ड्रायव्हरला हाक मारली.

शुक्रवारी शेरा आला. "पान एक्केचाळीस मिळालं. रेडिओ लागला. खरखर खूप आहे, पण बातम्या कळतात. आजोबा उद्या जातील. बाइंडिंगवाल्या काकांना थँक्यू सांगा, त्यांनी घाई केली."

तसंच सोडून देता आलं असतं. मी लिहिलं, "पुस्तक बाइंडिंगला नव्हतंच. माझ्या चुकीने ते भिजून गेलं होतं, आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुला उगाच थांबावं लागलं."

मधली सुट्टी झाली, दोन तास झाले, तिचं काही आलं नाही. रागावली असेल, असं मी धरून चालले. शाळा सुटताना पाहिलं तर एक ओळ होती.

"ठीक आहे. माझ्याकडून पण आजोबांचा एक जुना ट्रान्झिस्टर जळलाय. त्यांना माहीत नाही."

मी खुर्ची पुढे ओढली आणि लिहिलं, "ते जायच्या आत सांग. ओरडतील. पाच मिनिटं लागतात."