डावीकडचा मनोरा

मित्रांनो, मला लोकांनी आजवर बऱ्याच नावांनी हाक मारली. शिपाईमामा मला 'मशीन' म्हणायचे, शिकवणारे सर 'उपकरण' म्हणायचे, आणि मागच्या बाकावरची मुलं तर सरळ 'झोपेचं औषध' म्हणायची. खरं म्हणजे मी एक जुना स्लाइड प्रोजेक्टर आहे. तुमच्यापैकी अनेकांनी माझी जात पाहिलीच नसेल. काड्यापेटीहून थोडं मोठं, चौकटीत बसवलेलं पारदर्शक चित्र म्हणजे स्लाइड. तशा ऐंशी स्लाइडांची एक गोल तबकडी माझ्या डोक्यावर बसते. खटका दाबला की एक स्लाइड माझ्या पोटात उतरते, मागून दिवा पेटलेला असतोच, आणि समोरच्या भिंतीवर ते चित्र आठ फुटांचं होऊन उभं राहतं. एक गंमत सांगतो. स्लाइड पोटात नेहमी डोकं खाली करून घालावी लागते, तरच भिंतीवर ती सरळ दिसते. म्हणजे जगातले मोठमोठे राजवाडे माझ्यासाठी कायम शीर्षासन करत असतात.

कारखान्यात एका बाईंनी माझं भिंग बसवलं. त्यांना सर्दी झाली होती, म्हणून भिंगावर शिंक पडू नये याची त्या फार काळजी घेत होत्या. पुढे खोक्यात बसून मी एका विद्यापीठात आलो आणि वास्तुकला विभागाच्या तळमजल्यावरच्या खोलीत, एका उंच तिवईवर, माझी नेमणूक झाली. खोलीला जाड काळे पडदे होते. त्यातल्या एकाला बोटभर भोक होतं आणि सर बोलत असताना ऊन त्यातून नेमकं त्यांच्या टकलावर यायचं.

या सरांचा विषय होता पाश्चात्त्य देशांतल्या प्रबोधनकाळातल्या आणि त्यानंतरच्या बरोक इमारतींचा इतिहास. मी ते इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेतही सांगेन. प्रबोधनकाळातली इमारत म्हणजे नीट भांग पाडून, शर्टाची वरपर्यंतची बटणं लावून आलेला विद्यार्थी. सगळं मोजून, मापून, डावीकडे तीन खिडक्या तर उजवीकडेही तीनच. त्याच विद्यार्थ्याला पुढे नाटकात काम मिळालं की झाली बरोक इमारत. भिंती लाटांसारख्या आतबाहेर होतात, खांब पीळ घेतात आणि छतावर ढग रंगवलेले असतात. हे वर्णन सरांचंच. ते शिकवायचे फार जीव ओतून. फक्त अंधार, माझ्या पंख्याची घरघर आणि दुपारचे दोन, या तिघांपुढे त्यांचं काही चालायचं नाही.

सत्तेचाळीस नंबरची स्लाइड मात्र सरांचा प्राण होती. दूरच्या एका लहानशा गावातलं बरोक चर्च. त्याला दोन मनोरे असायला हवे होते, पण होता एकच, आणि तोही डावीकडे. खाली पायऱ्यांवर एक तरुण बाई हसत उभी होती. ती लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासातली सरांची पत्नी. फोटो सरांनी स्वतः काढला होता. ही स्लाइड आली की सर छडी उंचावून, आवाज खाली आणून सांगायचे, की माणसाचं हृदय डावीकडे असतं, म्हणून त्या कारागिरानं मनोराही डावीकडे उभारला. इमारतीला हृदय देणारा तो पहिला माणूस. इथे झोपलेली मुलंसुद्धा जागी व्हायची, कारण सर छडी भिंतीवर आपटायचे. परीक्षेत दरवर्षी प्रश्न ठरलेला होता. मनोरा डावीकडे का? सविस्तर चर्चा करा. गुण पंधरा.

असं एकोणीस वर्षं चाललं. मामा, म्हणजे मला चालवणारे विभागातले शिपाई, दर सोमवारी माझं भिंग पुसायचे. स्लाइड अडकली की माझ्या कुशीत हलकीशी चापट मारायचे. एका परीक्षकानं तर माझं चित्र सगळ्या विद्यापीठात सर्वांत स्वच्छ आहे असं म्हटलं. त्या आठवड्यात मामा मला दोनदा पुसून गेले.

विसाव्या वर्षी वर्गात एक मुलगी आली. तिचे वडील गवंडी. शाळा संपल्यावर सहा वर्षं तिनं वडिलांच्या हाताखाली बांधकामावर काढली होती आणि मग शिकायला आली होती. भिंत दिसली की ती एक डोळा मिटायची, मान तिरकी करायची आणि भिंत सरळ आहे का ते बघायची. म्हणून वर्गानं तिचं नाव ओळंबा ठेवलं. गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात ना, तो ओळंबा. वडिलांनी तिला सांगितलं होतं, तीन वर्षं मी एकट्यानं भिंती उभ्या करतो, चौथं वर्ष माझे गुडघे देणार नाहीत. त्यामुळे ती अंधारातही झोपत नसे.

सत्तेचाळीस नंबर आला त्या दिवशी तिनं एक डोळा मिटला. मग तो उघडून दुसरा मिटला. वर्ग संपल्यावर ती सरांना काहीतरी विचारायला गेली, पण सरांनी तिला ग्रंथालयात जाऊन वाचायला सांगितलं. मग परीक्षा झाली. पंधरा गुणांच्या त्या प्रश्नाला इतरांनी चार-चार पानं हृदय लिहिलं. तिनं दोन ओळी लिहिल्या. मनोरा डावीकडे नाही, उजवीकडे आहे. चित्र उलटं लावलं आहे.

सरांनी तिला शून्य दिलं, आणि ती चार गुणांनी नापास झाली. तिनं फेरतपासणीचा अर्ज केला. विभागप्रमुख बाई शिस्तीच्या. कागदावर भांडण्यापेक्षा चित्रच बघू, असं त्यांनी ठरवलं. म्हणून एका सकाळी त्या, सर, ओळंबा आणि मामा माझ्याभोवती जमले. मित्रांनो, खरं सांगतो, माझा दिवा त्या दिवशी जरा लुकलुकला. तिचं बरोबर निघालं तर एकोणीस वर्षं भिंतीवर चूक दाखवणारा मीच होतो.

मामांनी सत्तेचाळीस नंबर लावला. सर हाताची घडी घालून उभे राहिले. ओळंबा भिंतीजवळ गेली.

"सर, तुम्हीच सांगितलंत की या चर्चचं दार पश्चिमेला आहे. म्हणजे दाराकडे तोंड करून उभं राहिलं की आपल्या उजव्या हाताला दक्षिण येते. तिकडे सूर्य दक्षिणेकडूनच जातो, म्हणून ऊन उजवीकडून यायला हवं. इथे खांबांच्या सावल्या उजवीकडे पडल्यात. म्हणजे ऊन उत्तरेकडून आलंय."

सर हसले. उन्हाळ्यात मावळतीचा सूर्य उत्तरेकडे कलतो, हे बांधकामावर कोणी शिकवलं नाही वाटतं, असं ते म्हणाले.

"मावळताना कलतो, सर," ती म्हणाली. "पण तेव्हा छज्ज्याखालची सावली आखूड पडते. ही बघा, पार दारापर्यंत उतरलीय. सूर्य चांगला वर आहे. खिडकी कुठे ठेवायची ते ठरवताना बाबा हेच आधी बघतात."

विभागप्रमुख बाईंनी चष्मा वर सरकवला. सर चर्चच्या भिंतीवर एखादं अक्षर आहे का ते शोधू लागले. तसं असतं तर ते उलटं दिसून पहिल्याच वर्षी बिंग फुटलं असतं. पण त्या भिंतीवर एक अक्षर नव्हतं. शेवटी बाईंनी विचारलं, की हा फोटो काढला तेव्हा तिथे आणखी कोण होतं. सरांनी पायऱ्यांवरच्या बाईकडे छडी केली. मग त्यांनाच बोलवा, असं विभागप्रमुख म्हणाल्या.

वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं बांधायचं काम करायच्या. दोन इमारती पलीकडे. तरी एवढ्या वर्षांत त्या सरांच्या वर्गाला कधी आल्या नव्हत्या, कारण ती व्याख्यानं त्यांना घरी जेवताना ऐकायला मिळत. मामा त्यांना घेऊन आले. हाताला खळ लागलेली, अंगावर कामाचा एप्रन. अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकलं आणि समोर स्वतःचाच ताटाएवढा तरुण चेहरा बघून त्या जागच्या जागी थांबल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मनोऱ्याबद्दल त्यांना काही आठवत नव्हतं. त्या दिवशी चपला चावत होत्या तेवढं आठवत होतं, म्हणाल्या. मग त्यांनी सरांकडे पाहिलं.

"अहो, माझा तीळ कुठल्या गालावर आहे?"

सरांनी भिंतीकडे बघितलं. "उजव्या," ते म्हणाले.

वहिनी दोन पावलं पुढे आल्या, माझ्या उजेडात उभ्या राहिल्या आणि त्यांनी चेहरा सरांकडे वळवला. तीळ डाव्या गालावर होता.

"एकोणीस वर्षं मला भिंतीवर टांगलंत," त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि बघितलात तो मनोरा."

मामांनी कोणाला न विचारता स्लाइड काढली. तिच्या कोपऱ्यावर कुठली बाजू पुढे ते कळावं म्हणून एक लाल टिकली चिकटवलेली होती. ती सरांनीच, पहिल्या वर्षी, चुकीच्या बाजूला लावली होती. मामांनी स्लाइड फिरवून घातली. एका खटक्यात मनोरा उजवीकडे गेला, सूर्य दक्षिणेला आला आणि तीळ आपल्या गालावर जाऊन बसला.

सर पहिल्या बाकावर बसले. विद्यार्थ्यांच्या बाकावर ते कधी बसले नव्हते. गुडघे मावेनात, म्हणून तिरके बसले. मामांना त्यांची दया आली असावी. ते म्हणाले, "सर, ते चर्च आपल्याकडे तोंड करून उभंय. म्हणजे आपलं उजवं ते त्याचं डावं. हृदय जागेवरच आहे की."

सरांचा चेहरा असा उजळला की माझ्या दिव्यालाही लाज वाटावी. ते उठायलाच लागले होते. तेवढ्यात ओळंबा हळूच म्हणाली, की दुसऱ्या बाजूची जमीन भुसभुशीत असेल म्हणून तिथला मनोरा राहिला असेल, बाबांनी पण एकदा अशीच एका बाजूची खोली सोडून दिली होती. सर पुन्हा बसले. मग त्यांनी तिची उत्तरपत्रिका मागून घेतली, शून्य खोडलं आणि बारा लिहिलं. तीन गुण अक्षरासाठी कापले. विभागप्रमुख बाई काही बोलणार होत्या, पण तेवढा मान त्यांनी सरांना राखू दिला.

त्या सुट्टीत सर आणि वहिनी पुन्हा त्या गावी जाऊन आले. तिथल्या राखणदारानं सांगितलं, की दुसऱ्या बाजूला जुनी विहीर होती, मनोऱ्याचा पाया घेतला की पाणी लागायचं, शेवटी लोक कंटाळले. परत आल्यावर सरांनी जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते शोधले आणि सव्वातीनशे पत्रं लिहिली. मी तुम्हांला मनोरा उलटा शिकवला, त्याचं कारणही चुकीचं शिकवलं, माफ करा. पत्रं पाकिटात घालायला मामा होतेच. माझी तिवई तेव्हा त्यांचं टेबल झाली होती.

साठेक उत्तरं आली. सर ती माझ्याच खोलीत, पडदे उघडून, वहिनींना वाचून दाखवत. बहुतेकांना मनोरा मुळात आठवतच नव्हता. एकानं लिहिलं, की तुमचं ऐकून मी घराचा जिना डावीकडे घेतला, आता काय करू ते कळवा. एकीनं लिहिलं, की तेवढी शांत झोप मला पुन्हा कुठे लागली नाही. आणि निम्म्यांहून जास्त पत्रांत शेवटी एकच प्रश्न होता. पायऱ्यांवर हसत उभी असलेली ती बाई कोण, तेव्हा विचारायचं धाडस झालं नाही. सर प्रत्येक पत्र शेवटपर्यंत वाचायचे. वहिनी ऐकताना पुस्तकाच्या पुठ्ठ्याला कापड चिकटवत असत, पण त्या दिवसांत त्यांचे बरेच पुठ्ठे वाकडे निघाले.

ओळंबा पास झाली. तिसरं वर्ष संपलं तेव्हा ती वडिलांना घेऊन आली होती. त्यांनी एक डोळा मिटून आमच्या खोलीची भिंत पाहिली आणि मान हलवली.

पुढे विभागात संगणक आले. छताला माझा एक चकचकीत पुतण्या लटकला आणि मामा निवृत्त झाल्यावर मी तीन वर्षं कपाटात पडून राहिलो. भिंगावर बुरशी धरली. एक दिवस भंगाराच्या यादीत माझं नाव लागलं. ती यादी वहिनींनी वाचली आणि मला उचलून आपल्या बांधणीच्या खोलीत आणलं. सध्या मी त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर असतो. माझी तक्रार एवढीच, की त्या माझ्या डोक्यावर खळीचं भांडं ठेवतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं एखादं म्हातारं यंत्र असेल. त्याला कोरड्या सुती फडक्यानं पुसा, तोंडानं फुंकर मारू नका. ते अडकलं तर चापट हलकी मारा. आणि रोज समोर असतं म्हणून ते बघितलंय असं धरून चालू नका.

परवा भांडं कलंडलं आणि खळीचा ओघळ माझ्या झडपेतून आत गेला. वहिनींनी हातातलं पुस्तक टाकलं, मला कुशीवर घेतलं आणि बारीक काडीला कापूस गुंडाळून आतून सगळं टिपलं. मग माझ्या भिंगाशी वाकून विचारलं, "लागलं का रे फार?"

यंत्राला असं कोणी विचारतं का? पण त्यांनी विचारलं.