फ्रिजवाले काका

उन्हाळा म्हणजे आमच्या धंद्याचा हंगाम. लोकांचे फ्रिज नेमके तेव्हाच मान टाकतात आणि माझी पोरही नेमकी भर उन्हाळ्यात जन्मली. त्यामुळे तिच्या एकाही वाढदिवसाला मी धड हजर नव्हतो. यंदा मात्र ठरवलं, गिऱ्हाइकं बोंबलली तरी बोंबलू देत. फोन बंद केला, नवा शर्ट घातला आणि सकाळच्या बसने दादाकडे निघालो.

नुसता वाढदिवसाला नाही, पोरीला घरी आणायला निघालो होतो. चार वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हा पोर पाच वर्षांची. दोन महिने राहू दे आमच्याकडे, असं वहिनी म्हणाली. त्या दोन महिन्यांची चार वर्षं कधी झाली ते कळलंच नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. खोटं आहे ते. चांगलं कळत होतं. आता दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या, जवळच्या शाळेत तिचं नावही घातलं होतं. वहिनीने फोनवर एकच अट घातली. "भाऊजी, पोरीला तुम्ही स्वतः विचारायचं. ती हो म्हणाली तर आम्ही चकार शब्द काढणार नाही."

विचारायचं, बस एवढंच. पण मला पोरीशी बोलताच येत नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा जायचो, अभ्यास कसा चाललाय एवढं विचारून झालं की आमचं घोडं अडायचं. मग मी मिक्सर उघडून बसायचो. कधी इस्त्री, कधी पंखा. वहिनीही बिघडलेल्या वस्तू माझ्यासाठी राखून ठेवायला लागली. पोर समोर बसून वाटीत स्क्रू सांभाळायची. मला वाटायचं, चला, बापलेकीचं सूत जुळतंय.

पोचलो तर घरभर फुगे आणि वहिनीचं तोंड एवढंसं झालेलं. फ्रिज पहाटेपासून बंद, आत केक आणि वीस पोरांचं आइस्क्रीम. दादा म्हणाला, अगदी देवासारखा आलास. वहिनी म्हणत होती की आधी पोरीला भेटा, आत तयार होतेय. मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे. खरं सांगू? मला सुटल्यासारखंच झालं. शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि बनियनवर फ्रिजच्या मागे शिरलो. हत्यारांची पिशवी सोबत होतीच, ती माझ्या खांद्यावरून कधी उतरत नाही.

कॉम्प्रेसर चालू करणारा रिले जळला होता. पिशवीतला बसेना, दुकानातून दुसरा आणला, तासभर गेला. तेवढ्या वेळात फ्रिजच्या मागे मनातल्या मनात घोकत होतो. 'येतेस का आपल्या घरी?' की 'चल, आता आपल्या घरी जाऊ'? माझ्याच पोरीसाठी मी पाठांतर करत होतो, लाज वाटत होती स्वतःची.

कॉम्प्रेसर सुरू झाला आणि मी घाम पुसत उठलो, तर दारात पोर उभी. सोबत तिच्याच वयाची मैत्रीण, पाणी प्यायला आलेली. मैत्रिणीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, हे कोण गं?

पोरीने मैत्रिणीच्या हातात पाण्याचा पेला दिला. मग म्हणाली, "फ्रिजवाले काका. काही बिघडलं की बाबा बोलावतात त्यांना."

बाबा म्हणजे दादा. मी तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर खोडी नव्हती, भीती होती. सांगू नका, एवढंच लिहिलं होतं तिच्या तोंडावर. एक थोबाडीत ठेवून द्यावी असं वाटलं मला. हो, वाटलं. मग वाटलं, द्यायची कुणाला? बनियन, काळे हात, चार वर्षं मी तिला दुसरं दाखवलं काय होतं?

मैत्रीण म्हणाली, आमचाही फ्रिज घरघरतो, आईला सांगते. आणि धावतच गेली.

स्वयंपाकघरात आम्ही दोघंच उरलो. विचारायचं ते आत्ताच, असं म्हणून मी तोंड उघडलं. पण ती आधी बोलली. ऐकायला कुणी नव्हतं, तरी हळू आवाजात म्हणाली, "थँक्यू, काका." आणि बाहेर गेली.

वहिनी आली. विचारलंत का, म्हणाली. मी म्हटलं, विचारलं, इथेच राहते म्हणाली. वहिनीचे डोळे भरून आले. ती रडली ते माझ्यासाठी की सुटका झाली म्हणून, कोण जाणे. केक कापेपर्यंत तरी थांबा म्हणाली. पण तोवर मैत्रिणीची आई दारात येऊन उभी होती, जाता जाता जरा आमचाही बघता का म्हणून. येतो की ताई, म्हटलं.

त्यांचं घर समोरच होतं. खिडकीतून पोरांचं गाणं ऐकू येत होतं. बाई कौतुकाने तिकडे बघत म्हणाल्या, "गोड आहे हो मुलगी. नाक-डोळे अगदी बापाचे."

"हो," मी म्हटलं आणि फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला.