बरणीत न मावलेलं

बरणीत: फळांवरचे सात स्टिकर, दोन बुचं, गोळ्यांची एक रिकामी पट्टी. पाचशे दोनमधल्या शिमेनाबाईंचा वर्षभराचा कचरा एवढाच. चापिनेरो भागातल्या त्या इमारतीत ही बरणी आता सगळ्यांना तोंडपाठ होती.

वॉचमनच्या खोलीत: खोके, फोम, बर्फाच्या पिशव्या. शिमेनाबाईंचा किराणा घरपोच यायचा, पण खोका वर आलेला त्यांना चालत नसे. वॉचमन अन्सेल्मो तो खालीच फोडी आणि जिन्नस कापडी पिशवीतून वर पाठवी.

हातगाडीवर: दर मंगळवारी भंगार गोळा करणारी एदुविना तो पुठ्ठा न्यायची. पत्त्याचं लेबल असलेला पुठ्ठा गोदामवाला घेत नाही, म्हणून ती लेबलं नखाने सोलायची. बोटांना चिकटली की गाडीच्या फळीवर लावून टाकायची. फळीवर त्यांचा जाड थर बसला होता.

सभेत: शिमेनाबाईंनी बरणी टेबलावर ठेवली. "सगळ्यांनी एवढं केलं तर इमारतीत कचराच उरणार नाही. मग मंगळवारी फाटक उघडायचं कशाला?"

फाटक बंद म्हणजे एदुविनाचा पुठ्ठा बंद. बारा वर्षांपासून धरलेली इमारत हातची जाणार. ती दाराशीच उभी होती. तिला साक्षीला बोलावलं होतं.

"एदुविनाबाई, पाचशे दोनमधून तुम्हाला कधी काही मिळालं?" चेअरमननी विचारलं.

"वरून ना? कॉफी मिळाली एकदा. कप माझाच होता."

दोघंचौघं हसली.

"म्हणजे कचरा नाहीच," शिमेनाबाई म्हणाल्या.

"गाडी बाहेर उभी आहे. जरा बघून या."

फाटकाबाहेर: तीनशे एकमधले म्हातारे एवारिस्तो चष्मा लावून फळीशी वाकले. मोठ्याने वाचू लागले. "पाचशे दोन. पाचशे दोन. तीनशे एक... हं, हा मीच. पाचशे दोन. पाचशे दोन. अहो, हे संपतच नाही!"

"पण यातलं काहीच माझ्या घरात आलं नव्हतं!"

"कसं येईल, बाई?" एदुविना म्हणाली. "ते मी नेलं ना."

मतदान झालं. मंगळवारचं फाटक राहिलं.

पुढच्या मंगळवारी: पाचशे दोनचे खोके नेहमीइतकेच. मात्र एकावरही लेबल नव्हतं.

"बाई स्वतः खाली येऊन सोलतात," अन्सेल्मो म्हणाला. "इथेच, माझ्या स्टुलावर बसून."

"सोलू देत," एदुविना पुठ्ठे दाबत म्हणाली. "माझी नखं वाचली."