मी, मामा आणि तो बारीक आवाज

दुकानाच्या कोपऱ्यात साखळीने भिंतीला बांधलेला लोखंडी सिलिंडर दिसतोय ना? तोच मी बोलतोय. बांधलाय म्हणून मला चोर समजू नका. मी आडवा पडलो आणि माझी मान मोडली, तर मग मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, म्हणून ही साखळी.

माझा जन्म भट्टीतला. तापलेलं पोलाद ठोकून मला घडवलं, पाण्याच्या दाबाने माझी परीक्षा घेतली, मानेवर तारीख कोरली आणि पोटात हेलियम वायू ठासून भरला. गंमत बघा, मी स्वतः दोन माणसांनी रेटल्याशिवाय जागचा हलत नाही आणि पोटात मात्र हवेहूनही हलकं असं काहीतरी घेऊन उभा आहे.

तिथून मी या फुग्यांच्या दुकानात आलो. दुकान एका बाईंचं. मदतीला त्यांचा थोरला भाऊ. बाई त्याला दादा म्हणत, पण वाढदिवसांना भेटणारी सगळी पोरंसोरं त्याला मामाच म्हणायची. बाई शिस्तीच्या आणि मामा एक नंबरचा खट्याळ.

माझं काम साधं. माझ्या तोंडाला नळी, नळीला फुगा, चावी फिरवली की फुस्स! बाई गाठ मारतात, दोरी बांधतात. फुगा हातात आला की मोठी माणसंसुद्धा मान वर करून उगाच हसतात. दोरी सुटली की हात वर करून धावतात, जणू तो ऐकून खाली येणार आहे. एकदा चंदेरी फुग्यांचा घोस असाच सुटून विजेच्या तारांत अडकला. ठिणग्या उडाल्या, अख्ख्या गल्लीची वीज गेली, आणि बाईंना घरोघरच्या शिव्या खाव्या लागल्या. तेव्हापासून त्या वजन बांधल्याशिवाय एकही फुगा दाराबाहेर जाऊ देत नाहीत.

आता मामाच्या खेळाचं सांगतो. वाढदिवसाच्या घरी फुगे लावून झाले की तो एक फुगा तोंडाला लावायचा, आतला वायू ओढायचा आणि चिलटासारख्या आवाजात बोलायचा, "मी तुमचा हेडमास्तर! गृहपाठ काढा पाहू!" पोरांची हसून मुरकुंडी वळायची. मग मामा चष्मा काढून खिशात ठेवायचा, डोळे फिरवायचा आणि धाडकन पडायचा. मेल्याचं सोंग! टाळ्या पडल्या की उठायचा. काच फुटू नये म्हणून चष्मा तेवढा न चुकता काढायचा.

बाई चिडायच्या. "दादा, पोरं बघून शिकतात रे. हवेच्या जागी हे भरलं तर श्वास कशाचा घेणार?"

"अगं, दोन घोट तर घेतो. तुझं आपलं राईचा पर्वत करणं!"

"बरं, मग निदान या सिलिंडरला कधी तोंड लावायचं नाही. शपथ घे."

"गळ्याशपथ!" मामा म्हणाला, तेही त्याच चिरक्या आवाजात. बाईंना नाइलाजाने हसू आलं.

त्या दिवशी मला एका हॉलवर नेलं होतं. सात वर्षांच्या मुलीचा वाढदिवस. सगळे फुगे भरून, बिनदोरीचेच छताला सोडले होते, हाताशी एकही उरला नव्हता. पोरांनी गिल्ला केला, "मामा, आवाज! मामा, आवाज!" बाई पाठमोऱ्या उभ्या राहून दाराशी कागदी फुलांची कमान बांधत होत्या. मामाने छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

अरे बाबा, मी फुगा नव्हे! फुग्यात घोटभर असतं, माझ्या पोटात ट्रकच्या टायरलाही झेपणार नाही एवढा दाब असतो. मी ओरडलो असतो हो, पण मला कंठ कुठला? मामाने नळी ओठांत धरली आणि चावी फिरवली.

आवाज निघालाच नाही. मामा धाडकन पडला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "मामा मेला! मामा मेला!" पोरं नाचायला लागली. आयाबापही हसत होते, एकाने तर मोबाइल काढला. खरं सांगतो, क्षणभर मलाही सोंगच वाटलं. बाई कपाळाला आठ्या घालून वळल्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"टाळ्या बंद करा!" त्या किंचाळल्या. "त्याने चष्मा नाही काढला! अरे, चष्मा नाही काढला त्याने!"

कुणाला काही कळेना. बाई मात्र धावल्या, हातातली कमान तशीच मागे ओढत.

मामाचं फुप्फुस फाटलं होतं. वायूचे बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत गेले होते. तीन आठवडे दुकान बंद होतं आणि मी अंधारात एकटाच त्या चावीचा विचार करत होतो. मामा वाचला, पण डावा हात लुळा पडला. बोलणंही जड झालं, एकेक शब्द ओढून आणतो. लोखंडाला मन नसतं म्हणतात. मग त्याला बघून रोज मला ती चावी का आठवते?

अजूनही गिऱ्हाइकं म्हणतात, "तो आवाज काढून दाखवा ना!" बाबांनो, फुगे हवे तेवढे न्या, खोलीभर न्या. पण माझा वायू छातीत घेऊ नका, फुग्यातलासुद्धा नको. ज्या आवाजाला तुम्ही हसता ना, त्या आवाजामागे श्वास नसतो.

मामा आता दुपारभर माझ्या शेजारी खुर्चीत बसतो. दोऱ्यांचे तुकडे गुडघ्यावर धरून बाईंना एकेक देतो. आजही देता देता त्याचा डोळा लागला, मान कलली. बाईंनी वळून पाहिलं आणि त्यांच्या हातातली कात्री खाली पडली.

"दादा! दादा, चष्मा!"

मामाने सावकाश डोळे उघडले. उजव्या हाताने चष्मा काढला, खिशात ठेवला.

"काढला... गं," तो म्हणाला.

मग कुठे बाईंनी कात्री उचलली.