आऊनेआत्याला थांबवताना

उन्हाळ्यात नदीवरचं धरण काढून टाकलं. हेल्सिंकीहून आलेल्या लोकांनी भाषणं केली, सॅमन मासे पुन्हा वर चढू लागले, आणि मारितही बाळाला कडेवर घेऊन टाळ्या वाजवून आली. हिवाळ्याचा विचार तेव्हा कुणाच्या मनात होता?

धरणामुळे आजवर इथे पाणी तळ्यासारखं संथ असायचं. डिसेंबरात बर्फ असा धरायचा की खुशाल ट्रॅक्टर न्यावा. मारितचा नवरा ओस्मो उत्तरेकडे खाणीत, महिन्याने घरी येणार, गाडीही त्याच्याकडेच. पैलतीरावर त्याची आऊनेआत्या. ती रोज घसरगाडी ढकलत बर्फावरून सरळ यायची. पुलावरून एकोणीस किलोमीटर पडतं.

"दहा दिवस कडाक्याची थंडी पडली. उद्या येते गं," काल ती फोनवर म्हणाली.

"आत्या, यंदा पाणी वाहतंय. मधला बर्फ खालून झिजतो."

"कालची पोर तू, मला बर्फ शिकवतेस? सत्तर वर्षं चालतेय त्याच्यावर. तू आपली कॉफी ठेव."

सकाळी आत्या काठावर दिसली. तिने पहार हाणून बर्फ पाहिला. कडेला तो हातभर जाड होताच. मध्यावर मात्र बर्फाचा पट्टा खचून काळपट, ओला झाला होता. तो मारितच्या खिडकीतूनच दिसत होता.

मारित बाहेर धावली. फोन लावला, तो आत्याच्या स्वयंपाकघरातच वाजत राहिला असणार. "आत्या, मागे फिरा!" धरणाच्या जागी न गोठलेल्या पाण्याच्या नव्या खळखळाटात आवाज बुडाला. तिने दोन्ही हात हलवले. आत्यानेही हसून हात हलवला आणि ती आणखी चार पावलं पुढे आली.

आपण बोलावतोय असंच वाटतंय तिला.

मारितने हात खाली घेतले. पाठ फिरवून ती आत गेली, दार लावलं, पडदाही ओढला. फटीतून पाहत राहिली. आत्या कितीतरी वेळ तशीच उभी होती. मग घसरगाडी वळली.

तासाभराने फोन आला.

"पाहुणा दिसला की दार लावावं, हे आईनं शिकवलं वाटतं?"

"बुडाला असतात, आत्या."

"म्हातारीचा कंटाळा आला म्हण की सरळ."

मारितला हुंदका आवरेना.

"रडू नकोस, दूध आटेल," आत्या म्हणाली. "मे महिन्यात होडीने येईन."

त्या धारेत आता होडीही टिकणार नव्हती.

"या हं," मारित म्हणाली.