किल्ली कुणाच्या खिशात

बाईंनी सहाच्या सहा वह्या उस्तादांच्या टेबलावर आपटल्या, तेव्हा कपातला चहा बशीत सांडला.

"सहा महिने, सहा शिकाऊ, आणि सगळं एका पेनाने एका बैठकीत लिहिलंय. मला काय वेड्यात काढता?"

उस्तादांनी बशी उचलून चहा प्यायला. "सह्या आहेत ना? झालं तर मग."

बाई वीज कंपनीत प्रशिक्षणाचं काम बघत. नव्या पोरांना उस्तादांसारख्या जुन्या लाइनमनच्या हाताखाली द्यायचं, सहा महिन्यांनी त्यांच्या वह्या तपासायच्या आणि खाली सही करायची. ती सही झाली की शिकाऊ कायम. आज पाचपर्यंत यादी गेली नाही तर जागा रद्द, असं मोठ्या साहेबांनी सकाळपासून दोनदा फोनवर बजावलं होतं. "कशाला कीस काढता? सही करा आणि मोकळ्या व्हा," हे वर. मोकळं व्हायला यांचं काय जातं! खांबावर यांची पोरं थोडीच चढणार होती. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय, असा सगळा कारभार. बाईंनी स्वतः अकरा वर्षं खांब चढून काढली होती; त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

पाच शिकाऊ गावाबाहेर लाइनवर होते. सहावी, एक मुलगी, ऑफिसात सापडली. बाई तिला आणि उस्तादांना घेऊन मागच्या सरावाच्या मैदानात गेल्या.

"वहीप्रमाणे तू चाळीस वेळा चढलीस. एकदा माझ्यासमोर चढ."

"मॅडम, सही करून टाका ना. आईने सगळ्या नात्यागोत्यात सांगितलंय."

"आधी चढ."

मुलीने स्विच बंद केला, वर असताना कुणी वीज सुरू करू नये म्हणून त्याला आपलं कुलूप लावलं, ओढून पाहिलं. हात सफाईचा होता. बाईंना जरा बरं वाटलं. मग मुलीने किल्ली काढली, वळून अदबीने उस्तादांच्या हातात ठेवली आणि पट्टा आवळून खांब चढू लागली. उस्तादांनी न बघताच किल्ली खिशात टाकली.

"खाली ये," बाई म्हणाल्या. मग उस्तादांकडे वळल्या. "ज्याचा जीव वर, किल्ली त्याच्याच खिशात. पहिल्या दिवसाचा धडा आहे हा."

"पोरं हरवतात हो किल्ल्या. मग कुलूप तोडा, काम खोळंबतं. माझ्याकडे असलेली बरी. आजवर काही झालंय का?"

"त्या पाच जणांच्या किल्ल्याही तुमच्याच खिशात आहेत?"

उस्तादांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"तुम्ही तातडीने बोलावलंत. म्हणून स्विचवरच्या माणसाकडे देऊन आलो. काम झालं की लाइन सुरू कर म्हटलं."

"काम झालं हे त्याला कोण सांगणार?"

मुलगी एव्हाना खाली उतरली होती. कुणी सांगायची वाट न बघता तिने स्विचवरच्या माणसाला फोन लावला.

"दादा, पोरं अजून वरच आहेत? मग त्या किल्ल्यांना हात लावू नका. ज्याची त्याने खाली येऊन आपली उघडायची. नाही, उस्तादांनी सांगितलं तरी नाही."

फोन ठेवून ती उस्तादांसमोर उभी राहिली आणि हात पुढे केला. त्यांनी किल्ली दिली. तिने ती खिशात घालून वरून चाचपली.

"मॅडम, यादीत माझं नाव नको. बाकीच्यांचंही नको."

"पाचही जण तुला शिव्या घालतील."

"घालू देत. घालायला शिल्लक तरी राहतील."

बाईंना तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मोठे साहेब होते. पाचाला दहा मिनिटं कमी होती.

"हो साहेब, पाठवतेय," बाई शांतपणे म्हणाल्या. "सात नावं आहेत. सगळी पुन्हा पहिल्या दिवसापासून शिकायला."

सातवं कोण, असं साहेबांनी विचारलं. उस्तादांनी विचारलं नाही.