आखूड पडद्यांचा उन्हाळा

माझ्या भाचीचे लग्न मोडले ते ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. 'मला थोडा विचार करायचा आहे,' असे नवऱ्या मुलाने कळवले. त्यापूर्वी त्याने कधी विचार केल्याचे आमच्यापैकी कोणाच्याही पाहण्यात नव्हते. मुलीच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, अंथरूण धरले; मुलगी मात्र खोलीत अडकलेल्या पाखरासारखी घरभर फिरू लागली. मी निरोप धाडला : रडायला घरात एक माणूस पुरे आहे, दुसरे माझ्याकडे पाठवून दे.

माझे पडदे शिवण्याचे दुकान आहे. खाली कापड आणि शिलाईयंत्रे, वर आमचे राहणे. भाची आली आणि आल्या दिवसापासून दुकानातली एकही वस्तू जागेवर राहिली नाही. ती जेवताना उठे, उठली की खिडकी उघडे, उघडली की ऊन येते म्हणून लावून घेई. कापडाचे गठ्ठे तिने आधी रंगांप्रमाणे लावले, मग जाडीप्रमाणे, आणि मग पुन्हा रंगांप्रमाणे. आमचे कापणारे मास्तर जुने आणि तोंडाने सैल. त्यांनी तिचे नाव भिंगरी ठेवले.

"भिंगरे, बस की जरा."

"बसले की आठवतं, मास्तर."

"मग उभी राहा. पण माझ्या कात्रीपासून लांब."

अशातच त्या गृहस्थाचा फोन आला. त्याचा विचार संपला होता. लग्न करावे, असे त्यातून निघाले होते. माझ्या बहिणीला एकदम बरे वाटू लागले. ती फोनवर मुलीच्या मागे लागली, आणि मुलगी वैतागून बोलून गेली, "आई, समुद्रावरच्या हॉटेलचं काम मावशीनं माझ्याकडे दिलंय. ते नीट पार पडलं तर मी इथंच राहीन. नाही पडलं तर तू म्हणशील तसं. शब्द देते."

असल्या पैजा मला पसंत नाहीत. पण मी गप्प राहिले. असे फार वेळा घडत नाही.

आमच्या दुकानात माप हातानेच घेतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. टेप घरी विसरतो, हात विसरत नाही. खिडक्या मोजायला इतकी वर्षे मीच जात असे, आणि मास्तर त्याच मापाच्या लाकडी पट्टीने कापड कापत. या वर्षी गुडघ्याने दगा दिला म्हणून भिंगरी गेली. तिने माझी रीत तंतोतंत पाळली, प्रत्येक खिडकी हाताने मोजली आणि आकडे मास्तरांना दिले. मास्तरांनी कापले, आम्ही शिवले.

पडदे टांगले तेव्हा ते कठड्याच्या वीतभर वरच थांबले. खालच्या फटीतून ऊन थेट पलंगांवर. हॉटेलच्या मालकीणबाई कमरेवर हात ठेवून पाहत राहिल्या.

"हे पडदे आहेत की झबली?"

दुकानात परतल्यावर मास्तरांनी पट्टी उचलली, भिंगरीचा हात टेबलावर ठेवला आणि शेजारी लावून पाहिली. नंतर ते हसत सुटले.

"बाई, हिचा हात तुमच्याहून चांगला तीन बोटं लांब! हिचे हात कमी भरले, आणि मी तुमच्या हातानं कापलं!"

"मग आधी का नाही सांगितलंत?" भिंगरी ओरडली.

"मी काय तुझा हात मोजत बसलो होतो, पोरी?"

मी पर्स उचलली. मालकीणबाईंशी बोलायला मीच जाणे योग्य होते. भिंगरी दारात आडवी उभी राहिली.

"मावशी, तू बस. तू गेलीस की त्या घाबरून सगळे ठेवून घेतील. मला तसं नकोय."

तिने उरलेल्या निळ्या कापडाच्या पट्ट्या सगळ्या पडद्यांना खालून जोडल्या आणि पुन्हा स्वतः घेऊन गेली. मागच्या खोल्यांचे पडदे मालकीणबाईंनी ठेवले. समुद्राकडच्या खोल्यांचे परत पाठवले. समोरच्या बाजूला ठिगळे नकोत, म्हणाल्या. त्यांचे चूक नव्हते.

भिंगरी परत आलेल्या गठ्ठ्यावर बसली आणि हमसून हमसून रडली. मी तिला अडवले नाही, कारण मला एक गोष्ट दिसली होती. आल्यापासून ती प्रथमच त्या माणसासाठी नव्हे, कापडासाठी रडत होती. कापड रडण्याच्या लायकीचे होते.

काम फसल्याची बातमी बहिणीला तिनेच कळवली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गृहस्थ गाडी घेऊन हजर. इस्त्रीचा शर्ट, हातात फुले. भिंगरी शिडीवर चढून वरच्या फळीवरचे नवे कापड ओढत होती.

"मी खूप विचार केला," तो म्हणाला.

"बरं झालं. ती शिडी धर जरा, डुगडुगतेय."

त्याने फुले माझ्या मांडीवर ठेवली आणि शिडी धरली. वरून एक गठ्ठा त्याच्या खांद्यावर आला, मग दुसरा. मास्तरांनी कात्रीमागे तोंड लपवले.

"सामान भर ना. निघू या," तो खालून म्हणाला.

"कुठे?"

"घरी. काम झालं नाही, आईंनी सांगितलं. तू शब्द दिला होतास त्यांना."

भिंगरी शिडीवरून उतरली, हातांवरची धूळ तिने त्याच्याच समोर झटकली. "दिला होता. मोडला. इतरांना नवल वाटलं तर ठीक, तुला वाटायचं काही कारण नाही."

तो माझ्याकडे पाहू लागला. मी त्याची फुले त्याला परत दिली. दुकानात ओल्या वस्तू चालत नाहीत, कापडाला डाग पडतात.

गाडी गेल्यावर ती थोडी टेकेल, असे मला वाटले होते. ती टेकली नाही. आईला तिने फोनवर दोन वाक्यांत सगळे सांगितले, रडण्याचा आवाज सुरू होताच 'रात्री बोलू' म्हणाली, आणि समुद्राकडच्या खोल्यांच्या नव्या पडद्यांचे कापड माझ्या पायापाशी पसरले.

"मावशी, खुर्ची सरकव. उजेड अडतोय."

या दुकानात मला सरकायला आजवर कोणी सांगितले नव्हते. मास्तरांची कात्री थांबली.

मी खुर्ची सरकवली. भिंतीपर्यंत नव्हे, थोडीशीच.